कपाटातलं ऊन

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅरिसमध्ये ज्युलिआँ तूर्न्वा नावाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर काम करत होता. दोन्ही एकाच कुळातल्या, आणि दोन्हींत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. त्याला अभ्यास करायचा होता तो या नर-मादी भेदाचा. पण हिवाळ्यात काचघरात पेरलेल्या रोपांनी त्याला दुसऱ्याच वाटेला लावलं. वसंतात पेरलं की माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं वाढून मग सावकाश फुलावर येणारं हे झाड. हिवाळ्यात पेरल्यावर मात्र चार पानं फुटली न फुटली तोच फुलू लागलं. तूर्न्वाने मग मुद्दाम काही रोपांना दिवसाकाठी फक्त सहा तास उजेड दिला. तीही तशीच अकाली फुलली. १९१४ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला, की झाडाला फुलवण्यात लहान झालेल्या दिवसापेक्षा लांबलेल्या रात्रीचा हात मोठा आहे. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि तूर्न्वा त्यात मारला गेला.

पुढे हा शोध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांच्या नावावर लागला. त्यांनी तंबाखूच्या कुंड्या आणि सोयाबीन भर उन्हाळ्यात दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात ठेवायचे आणि सकाळी बाहेर काढायचे, असा प्रयोग केला आणि १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचं श्रेय खरंच आहे. तरीही या विषयाच्या पुस्तकात तूर्न्वाचं नाव आधी यायला हवं असं मला वाटतं, कारण झाडं रात्र मोजतात हे माणसाच्या लक्षात आलं ते ज्या मोजक्या झाडांमुळे, त्यांत भांगेचं झाड आहे. आणि आज टोरांटोच्या एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा बर्लिनच्या एखाद्या तळघरात चार फुटांच्या जागेत हे झाड वाढवता येतं, तेही याच एका गुणामुळे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची रूपं आहेत. पानांची भांग, मादीच्या फुलोऱ्याचा गांजा, त्याच फुलोऱ्यावरच्या राळेचा चरस. मोकळ्या रानात हे झाड उन्हाळा-पावसाळा वाढत राहतं, आणि भाद्रपद सरून रात्री लांबू लागल्या की फुलोरा धरतं. बंद खोलीत ऋतू ठरवतो तो घड्याळ लावलेला स्विच. रोज अठरा तास दिवा चालू ठेवला तर झाडाच्या लेखी कायम जेठ-आषाढ; ते फक्त पानं आणि फांद्या वाढवत राहतं. बारा तास उजेड आणि बारा तास सलग काळोख केला, की आठवडा-दोन आठवड्यांत फुलोऱ्याची चिन्हं दिसू लागतात. म्हणजे झाड किती उंचीवर फुलावर आणायचं हे माळ्याच्या हातात आलं. अर्थात काळोख सुरू झाल्यावरही ते पुढचे काही आठवडे भराभर उंचावतं, बऱ्याचदा दुप्पट होतं, त्यामुळे ज्याची जागा तोकडी त्याला रोप गुडघ्याएवढं असतानाच निर्णय घ्यावा लागतो.

आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. उसाला तुरा येतो तो दिवस आखडू लागल्यावर. उशिरा पेरलेलं सोयाबीन बुटकेपणीच फुलतं. पॉलिहाउसमध्ये शेवंती घेणारे रात्री दिवे लावून फुलं लांबवतात आणि काळं कापड ओढून ती लवकर आणतात. यामागची यंत्रणा शास्त्रज्ञांना १९५०च्या दशकात उलगडली. पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. लाल उजेडात त्याचं रूप बदलतं. दृश्य लालीच्या पलीकडचा, ज्याला दूरचा लाल म्हणतात तो किरण पडला की ते पुन्हा पूर्वरूपावर येतं. काळोखातही ते हळूहळू पूर्वरूपाकडे सरकतं. मध्यरात्री थोडा वेळ जरी लख्ख उजेड पडला तरी रात्रीचा हिशेब मोडतो. म्हणूनच गांजाच्या खोलीत दाराची फट ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही. फुलोऱ्याच्या काळात रात्रीत वारंवार व्यत्यय आला की झाड गोंधळतं, पुन्हा पानांकडे वळतं, आणि कधीकधी मादी झाडावरच नराची फुलं निघतात.

आता हे झाड छपराखाली आलं कसं, ते पाहू. झाडाला छपराची काहीही गरज नव्हती. ते छपराखाली गेलं ते पोलिसांच्या नजरेमुळे.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या डोंगराळ परगण्यांत १९७०च्या दशकात गांजाची शेती जोरात होती. १९८३ पासून तिथे हेलिकॉप्टरं घेऊन दर हंगामात मोहीम सुरू झाली. गांजाचा हिरवा रंग वरून ओळखू येतो. पण सगळ्यात बोलका खटला शहरातला आहे. सांता क्लारा गावात एकाने आपल्या परसात गांजा लावला होता आणि भोवती दोन कुंपणं घातली होती, बाहेरचं सहा फुटांचं, आतलं दहा फुटांचं. जमिनीवरून काही दिसेना, तेव्हा पोलिसांनी लहान विमान घेऊन हजार फुटांवरून पाहणी केली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की आकाशातून कुणालाही दिसू शकतं ते पाहायला पोलिसांना वॉरंट नको. या निकालानंतर कुंपणाला अर्थ उरला नाही. झाकायचं तर वरून झाकावं लागणार होतं.

आणि झाकलं तर दिवे लावावे लागणार होते. त्या काळी सोयीचा दिवा होता तो रस्त्यावरच्या खांबांवर असतो तसला, पिवळसर उजेडाचा उच्च दाबाचा सोडियम दिवा. तो प्रचंड तापतो. १९९२च्या जानेवारीत ओरेगॉनमधल्या फ्लॉरेन्स गावी केंद्रीय अधिकाऱ्यांनी पहाटे साडेतीनच्या सुमारास गाडीतून एका घराकडे उष्णता टिपणारा कॅमेरा रोखला. गॅरेजवरचं छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा स्पष्ट गरम दिसली. त्यावरून वॉरंट निघालं आणि आत शंभरावर झाडं मिळाली. यातूनच उभा राहिलेला ‘कायलो विरुद्ध अमेरिका’ हा खटला २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. पुन्हा पाच विरुद्ध चार, पण या वेळी उलट बाजूने: घराच्या आत काय चाललंय हे सर्वसामान्यांकडे नसलेल्या यंत्राने टिपणं म्हणजे झडतीच, आणि झडतीला वॉरंट हवं. आज खासगीपणाच्या हक्काची चर्चा मोबाइल, ड्रोन, चेहरा ओळखणारे कॅमेरे यांच्यापर्यंत पोचली आहे, आणि त्या चर्चेत हा निकाल हमखास येतो. त्याच्या मुळाशी दिव्यांनी तापलेलं एक छप्पर आहे.

छपराखाली गेलेलं झाड तेच राहिलं नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. उष्ण कटिबंधातली झाडं उंच, सुटी, फुलायला तीन-तीन महिने घेणारी. ती खोलीत मावेनात. त्याच्या आधीच प्रवाशांनी अफगाणिस्तान आणि हिंदुकुशच्या भागातून बी आणलं. तिथली झाडं बुटकी, रुंद पानांची, लवकर तयार होणारी. दोघांचे संकर झाले, विशेषतः कॅलिफोर्नियात आणि मग नेदरलँड्समध्ये, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली ती बुटकेपणा, घाई आणि राळ यांची. या झाडातलं नशेचं मुख्य द्रव्य, टीएचसी, इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं होतं, त्यामुळे पुढे ते मोजता येऊ लागलं. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात त्याचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१४ मध्ये ते १२ टक्क्यांच्या घरात गेलं. जागा महाग, वीज महाग, धोका मोठा, म्हणून प्रत्येक चौरस फुटातून जास्तीत जास्त नशा काढायची, हा हिशेब झाडाच्या अंगात उतरला. बंदीने झाड सौम्य झालं नाही, उलट जालीम झालं.

नरांना हाकलण्याची युक्ती मात्र जुनी आहे आणि आपल्याच उपखंडातली आहे. मादीला पराग मिळाला नाही तर ती बी धरत नाही आणि फुलोरा राळेने भरत राहतो. १८९३-९४च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. त्याच्या अहवालात बंगालमधल्या शेतीचं वर्णन आहे. तिथे नौगावच्या परिसरात ‘पोद्दार’ नावाचा जाणकार शेतातून फिरत फिरत कोवळी नर झाडं हेरायचा आणि उपटायला लावायचा. सामान्य शेतकऱ्याच्या लक्षात यायच्या आधीच तो ती ओळखायचा. मध्य प्रांतातल्या खांडव्याचा गांजाही तेव्हा नावाजलेला होता. आज खोलीत माळी पोद्दाराचं काम टाळतो, कारण बहुधा तो बी लावतच नाही. एका चांगल्या मादी झाडाच्या फांद्या घेऊन छाट कलमं करतो. ती सगळी मादीच निघतात आणि सगळी एकसारखी वाढतात. त्यात जोखीमही आहेच. एकाला रोग लागला तर बाकीच्यांत त्याला अडवणारं वेगळं रक्त नसतं.

आता प्रत्यक्ष जागा बघू. घरगुती लागवड जिथे कायदेशीर आहे त्या देशांत चकचकीत चंदेरी अस्तराचे कापडी तंबू विकत मिळतात. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच हे नेहमीचं माप. साडेसहा फूट ऐकायला पुष्कळ वाटतात. त्यातला फूटभर दिवा आणि त्याच्या साखळ्या खातात. दिव्याखाली दीड फूट मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर शेंडे करपतात. खाली कुंडीचा एक फूट. झाडाच्या वाट्याला उरतात तीन फूट. उजेडाचा हिशेबही तसाच कठोर. एकट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो, आणि वरच्या पानांनी वाट अडवली तर खाली काहीच पोचत नाही. तीन फुटांच्या झाडाचाही खालचा निम्मा भाग जवळपास उपाशी असतो.

त्यात गर्दी. शेजारी दुसरं झाड उभं आहे हे झाडाला स्पर्शाआधीच कळतं. पानं लाल उजेड शोषून घेतात आणि दूरचा लाल तसाच पुढे सोडतात. त्यामुळे दाटीत त्या दोहोंचं प्रमाण बदलतं, आणि तोच फायटोक्रोम झाडाला सांगतो की शेजारी आलाय, वर चल. दाट पेरलेल्या ज्वारीची ताटं उंच आणि लुकडी होतात त्याचं कारण हेच. शेतात वर आकाश असतं, तंबूत वर दिवा. म्हणून कुणी फांद्या वाकवून आडव्या जाळीत ओवतात, तर कुणी पुष्कळ लहान रोपं दाटीने लावून त्यांना लगेच फुलावर आणतात. दोन्ही पद्धतींत प्रयत्न एकच, की सगळे शेंडे एका पातळीत यावेत.

तरी माझ्या मते छोट्या जागेतलं खरं संकट उजेडाचं नाही, पाण्याचं आहे. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून अधिक पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडतं. कुंड्यांत ओतलेलं पाणी म्हणजे थोड्या वेळाने खोलीच्या हवेत असलेलं पाणी. दिवा चालू असताना हवा गरम असते, ती वाफ धरून ठेवते. दिवा विझला की तंबू निवतो आणि तीच वाफ पानांवर, दाट फुलोऱ्याच्या आत, कापडाच्या शिवणीत दवासारखी बसते. मग करडी बुरशी येते. ती बाहेरून दिसत नाही. वरून टपोरा दिसणारा फुलोरा बोटांनी उकलला की आत देठाशी तपकिरी, मऊ चिखल आणि त्यावर राखाडी लव. एक पान विनाकारण सुकलेलं दिसावं, एवढीच काय ती आगाऊ सूचना. भुरी येते ती पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी. द्राक्षवाल्याला ती सांगायला नको, जरी इथली बुरशी वेगळ्या जातीची असली तरी. हवा कोरडी आणि गरम ठेवावी, तर लाल कोळी पानामागे जाळी विणतो. बाहेर त्याला खाणारे कीटक असतात, पाऊस त्याला धुऊन नेतो. तंबूत त्याचा कुणी शत्रू नाही.

म्हणून पंखा लागतो आणि हवा बाहेर ओढणारी नळी लागते. हवा बदलली नाही तर झाडं खोलीतला कार्बन डायऑक्साइडही झपाट्याने संपवतात. पण हवा बाहेर गेली की वासही जातो, आणि हा वास जिन्यात, लिफ्टमध्ये, वरच्या मजल्यावर पोचतो. नळीच्या तोंडाशी सक्रिय कोळशाचा डबा बसवतात, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा. कॅनडात शेजाऱ्यांच्या तक्रारींत वासाचा क्रमांक फार वर असतो, आणि मला त्या तक्रारी रास्त वाटतात. सामाईक भिंती असलेल्या इमारतीत ओल आणि वास ही एकट्याची बाब राहत नाही. ब्रिटिश कोलंबियात चोरून लागवड झालेली घरं नंतर विकत घेणाऱ्यांना भिंतीच्या आत बुरशी आणि जळालेल्या वायरी मिळाल्या.

विजेचं गणित साधं आहे. ६०० वॉटचा सोडियम दिवा अठरा तास चालला की दिवसाला १०.८ युनिट, महिन्याला ३२४. पंखा, वातानुकूलन वेगळं. निव्वळ अंदाज यावा म्हणून सांगतो: महावितरणच्या घरगुती दरात एवढ्यानेच ग्राहक ३००च्या वरच्या टप्प्यात जातो. ही जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते, आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज. एलईडी दिव्यांनी हा खर्च बराच खाली आणला, निम्म्याच्या आसपास. पण २०१२ मध्ये एव्हान मिल्स या ऊर्जातज्ज्ञाने हिशेब मांडला तेव्हा अमेरिकेच्या एकूण विजेतली सुमारे १ टक्का बंद जागेतल्या गांजावर जात होती. २०२१ मध्ये कोलोरॅडोच्या संशोधकांनी काढलेला आकडा असा: एक किलो वाळलेल्या फुलोऱ्यामागे, गाव कोणतं त्यावर अवलंबून, सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन. उन्हात फुकट वाढणाऱ्या तणाला इतकी किंमत मोजावी लागते.

याहून जड किंमत माणसांनी मोजली आहे. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरांत, खिडक्या झाकून, मीटरला वळसा घालून चोरलेल्या विजेवर अशी शेती चालवली गेली. आत झाडांना पाणी घालायला कोण, तर बऱ्याचदा व्हिएतनाममधून फसवून आणलेली मुलं. ती तिथेच राहायची, तिथेच निजायची, बाहेर कुलूप. २००९ मध्ये पोलिसांना अशा ठिकाणी सापडलेल्या दोन अल्पवयीन मुलांना गुन्हेगार ठरवून शिक्षा झाली. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये ब्रिटनला दोषी धरलं: ही मुलं मानवी तस्करीचे बळी असण्याची शक्यता आधी तपासायला हवी होती, त्यांना संरक्षण द्यायला हवं होतं. बारा वर्षं लागली. छंद म्हणून लावलेल्या चार रोपांबद्दल हलक्याफुलक्या शब्दांत लिहिणाऱ्यांनी हे घर विसरू नये.

आपल्याकडचा कायदा स्पष्ट आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय हे झाड लावणं हा गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मग कुंडी बाल्कनीत असो की कपाटात. गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बी वगळलंय, भांग टिकून आहे ती त्यामुळे. महाराष्ट्रात पोलिसांना झाडं सापडतात ती बहुधा उसात, तुरीत, कपाशीत लपवलेली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडांना परवानगी आहे, तरी क्विबेक प्रांताने घरची लागवड बंद ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्विबेकला तो अधिकार असल्याचं मान्य केलं. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक सज्ञान माणसाला तीन झाडं. तिथे शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना हे नियम माहीत असायला हवेत. तिथलं बी खिशातून इकडे आणणं महागात पडू शकतं, हेही.

मुभा मिळालेल्या देशांत मोठे उत्पादक हळूहळू काचघरांकडे वळले. ऑन्टारिओतल्या लेमिंग्टनला आणि व्हँकुव्हरजवळच्या डेल्टाला टोमॅटो पिकवणाऱ्या काचघरांत गांजा आला. दिवसा ऊन, संध्याकाळी छतावर काळा पडदा, दिवे फक्त हिवाळ्यात. घरी चार रोपं लावणाऱ्याची अडचण वेगळी आहे. कॅनडाच्या अक्षांशावर उन्हाळ्यात दिवस इतका लांब असतो, की रात्री पुरेशा वाढेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, आणि फुलोरा पिकेपर्यंत थंडीची पहिली लाट येऊन ठेपते. इथे मदतीला आलं ते रुडरालिस नावाचं एक रानटी, खुरटं झाड. १९२४ मध्ये यानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं. ते रात्र मोजत नाही. ठरावीक वयाचं झालं की फुलतं. नशा फारशी नसल्याने कित्येक दशकं त्याला कुणी विचारलं नव्हतं. कपाटात मावेल असं बुटकं वाण हवं म्हणून माळ्यांनी त्याचा संकर केला, आणि त्यातून साधारण दहा आठवड्यांत तयार होणारी, गुडघ्या-मांडीएवढी राहणारी रोपं निघाली. जून-जुलैतल्या लांब दिवसांतही ती फुलतात. त्यामुळे टोरांटोतल्या एखाद्याला आता तंबू, दिवा, पंखा यांतलं काहीच विकत न घेता, घरमालकाची परवानगी असेल तर, बाल्कनीतल्या उन्हावर एक पीक निघतं, आणि त्याच्या वीजबिलात एका युनिटाचीही भर पडत नाही.